कुठल्या प्रश्नावर राग आला?

इंदूअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या छातीवर हिरवा बिल्ला होता. बंगळुरात मारतहळ्ळीच्या आमच्या ऑफिसात त्या दिवशी 'स्वतःला ओळखा' नावाचा कार्यक्रम चालला होता. चहा पिऊन होईपर्यंत एका प्रशिक्षकाने आमची सगळ्यांची चाचणी घेतली आणि आम्हाला चार रंगांत वाटून टाकलं. लाल म्हणजे धडाडीचे, पिवळे म्हणजे हसरे, निळे म्हणजे काटेकोर आणि हिरवे म्हणजे शांत, समजूतदार, कुणाशी न भांडणारे. मला हिरवा मिळाला म्हणून अख्खी टीम हसत होती, कारण भांडण या विषयात माझी ख्याती थेट नागपूरपासूनची आहे. तेवढ्यात वसंतअण्णांचा, म्हणजे अक्कांच्या धाकट्या भावाचा, फोन आला. "मीनल, अक्का गेली की गं..." एवढंच म्हणाले. सकाळी पेपर वाचता वाचता हृदय बंद पडलं होतं. मी होते तशी निघाले. जे. पी. नगरच्या त्यांच्या घरी नमस्कारासाठी वाकले तेव्हा तो बिल्ला शर्टावर तसाच होता, आणि माझ्या आधी तो शेजारच्या बाईंना दिसला. मी तो ओरबाडून काढला आणि पर्समध्ये टाकला. अक्कांनी पाहिला असता तर त्या हसल्या नसत्या. माणसांना असे रंग फासणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता, आणि तो राग आता वारसा हक्काने माझ्याकडे आला आहे.

अक्का मूळच्या निपाणीकडच्या. घरात मराठी, दारात कन्नड. बंगळुरात त्यांनी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत लोकांना भेटायला लागल्या. मी त्यांच्याकडे गेले ती एक अहवाल घेऊन. आधीच्या कंपनीत माझी बढती एका स्वभावचाचणीने अडवली होती. 'नेतृत्वास अनुकूल नाही' असं त्यात ठळक अक्षरांत होतं, आणि गंमत म्हणजे ते वाचून मलाही ते थोडं खरं वाटायला लागलं होतं. अक्कांनी तो चाळला, बाजूला ठेवला आणि विचारलं, हे प्रश्न सोडवताना तू कुठे बसली होतीस? मी म्हटलं, ऑफिसात, माझ्या जागेवर. समोर काय होतं? समोर साहेबांची काचेची केबिन होती. "मग ही उत्तरं तुझी कशी होतील गं," त्या म्हणाल्या, "ती त्या केबिनची आहेत की." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुठल्या प्रश्नावर राग आला?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. कुठलीही चाचणी दिली की उत्तरं मोजायच्या आधी त्या हेच विचारायच्या. त्यांचं म्हणणं असं की माणूस बरं दिसावं म्हणून उत्तर देतो, पण राग आला की त्याचं सोंग गळून पडतं. मला 'मी लोकांना चटकन माफ करते' या वाक्याचा राग आला होता. तिथे मी 'नेहमी' अशी खूण केली होती, आणि ते धादांत खोटं होतं. मी कुणालाही चटकन माफ करत नाही. अक्का म्हणाल्या, बघ, एवढं तुला माहीत आहे, मग तो अहवाल हवा कशाला? त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जात राहिले. आधी सल्ल्यासाठी, मग नुसतीच, दर रविवारी, भाजी निवडत गप्पा मारायला.

स्वभाव नावाची गोष्टच नसते, असं मात्र अक्का कधी म्हणाल्या नाहीत. उलट तसं कुणी म्हटलं तर चिडायच्या. काही माणसं चारचौघांत खुलतात, काही दमतात. काहींना काळजी लगेच धरते, काही ढिम्म असतात. आणि हे वर्षानुवर्षं पुष्कळसं टिकतं, हे त्यांना मान्य होतं. पण हे सगळं कमी-जास्त असतं, खुंटीला टांगल्यासारखं नसतं. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, आणि मधल्या माणसाला धरून एका डब्यात कोंबलं की डबा खोटा ठरतो, माणूस नाही. एकदा यशवंतपूरच्या बाजारातून कांदे घेताना त्यांनी मला मोजमापाचा धडा दिला. काटा दर वेळी तेच वजन दाखवतो, म्हणजे काटा भरवशाचा. पण त्याच काट्यावर उभी राहून तू तुझी उंची विचारलीस, तर तो भरवसा काय कामाचा? चाचणीचं तेच. पुन्हा दिली तर तेच उत्तर येतं का, हा एक प्रश्न. आणि जे मोजते म्हणते तेच मोजते का, हा दुसरा. कंपन्या पहिला विचारतात, तोही कधीकधी, आणि दुसऱ्यावर कानावर हात ठेवतात.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी एक खोडी केली होती, ती आठवून अजून हसू येतं. आठवडाभर आधी सगळ्या बायकांकडून थोडी प्रश्नोत्तरं घेतली आणि त्या दिवशी तिळगुळासोबत प्रत्येकीला बंद पाकिटात तिचं स्वभाववर्णन दिलं. 'तुम्ही वरून खंबीर, पण आतून हळव्या आहात. तुमच्या गुणांचं घरात पुरेसं चीज झालेलं नाही.' बायका हरखून गेल्या. एक जण तर डोळे पुसत म्हणाली, इतकं तर माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही. मग अक्कांनी सगळ्यांना पाकिटं बदलायला सांगितली. सगळ्यांत तोच मजकूर होता. निम्म्या हसल्या, निम्म्या रुसल्या, आणि पुढच्या वर्षी अक्कांना बोलावणं आलं नाही. त्यांनाही त्याचं फार वाईट वाटलं नाही.

या बाईने स्वतः एक प्रश्नावली तयार केली होती, कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. मनाने खचलेली माणसं समुपदेशनाला येतात, त्यांना समजून घ्यायला. परदेशी चाचण्यांत पार्ट्यांबद्दल विचारलेलं असतं. चिकोडीच्या एका बाईने त्यांना सांगितलं, मी पार्टीला कधी गेलेच नाही, तर आवडते का नाही कसं सांगू? म्हणून अक्कांनी स्वतःचा प्रश्न घातला, 'लग्नात पंगतीला वाढायला तुम्ही आपणहून पुढे होता का?' माणसांची हौस मोजायला याहून चांगला प्रश्न नाही, असं त्यांना वाटायचं. गावोगाव फिरून शेकडो लोकांना विचारला. मग एका नव्या सुनेने शांतपणे सांगितलं की पुढे नाही झाले तर सासूबाई बोलतात. अक्का कपाळाला हात लावून बसल्या. निम्म्या बायकांच्या बाबतीत तो प्रश्न त्यांचा स्वभाव मोजतच नव्हता, सासूचा मोजत होता. सगळ्यात लाडका प्रश्न त्यांनी त्याच दिवशी काढून टाकला. आपल्या हातचं असं काढून टाकायला किती मोठं मन लागतं, ते मी रोज कॉम्प्युटरवर बसून बघते. आमच्याकडे कुणी आपली चूक काढून टाकत नाही, तिला नवं नाव देतात.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले, त्याच्याबद्दल. त्याचं नाव मी इथे घेणार नाही. अक्कांचा जुना विद्यार्थी. संशोधनासाठी म्हणून त्याने प्रश्नावली मागून नेली, आणि काही वर्षांनी ती कॉम्प्युटरवर चढवून नोकरभरतीसाठी विकायला लागला. अक्कांना हे कळलं ते रेखामुळे. रेखा अथणीची मुलगी, यशवंतपूरच्या एका कारखान्यात हिशेबनिसाच्या जागेसाठी गेलेली. लेखी परीक्षेत पहिली आली आणि स्वभावचाचणीत 'भावनिकदृष्ट्या अस्थिर' ठरून घरी आली, आणि मग अक्कांच्या पुढच्या खोलीत. तिचे वडील नुकतेच वारले होते. चाचणीत प्रश्न होता, 'गेल्या काही दिवसांत तुम्हाला वारंवार रडू येतं का?' पोरीने खरं उत्तर दिलं. तो प्रश्न अक्कांचा होता. दुःखात असलेलं माणूस ओळखून त्याला हात द्यावा म्हणून घातलेला. त्याच प्रश्नाने त्या मुलीला दाराबाहेर काढलं होतं.

अक्कांना मी चिडलेलं बघितलं होतं, संतापलेलं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आम्ही दोघी त्याच्या ऑफिसात गेलो. तो उठून उभा राहिला, अक्कांच्या पाया पडला, फिल्टर कॉफी मागवली. 'मॅडम, तुमचं काम आज हजारो लोकांपर्यंत पोहोचतंय,' असं म्हणाला, वर आनंदाने. अक्कांनी कॉफीला हात लावला नाही. त्यांनी त्याला शिकवल्यासारखं समजावलं, की आजारी माणसाला समजून घ्यायचं माप निरोग्याला नाकारायला वापरायचं नसतं, की नोकरी हवी असलेला माणूस खरं बोलतच नाही, आणि जो बोलतो त्यालाच तू शिक्षा करतोस. तो मान डोलवत राहिला. शेवटी अक्का म्हणाल्या, "बंद कर." तो म्हणाला, नक्की बघतो मॅडम. काही बघितलं नाही. नंतर अक्का कितीदा तरी गेल्या, पुढे पुढे तर खालचा पहारेकरीच सांगायचा की साहेब मीटिंगमध्ये आहेत. वकिलाने सांगितलं, तुम्ही स्वतःच्या हाताने दिलीत, आता कठीण आहे. त्या वर्षभरात अक्का वाळत गेल्या. रविवारी भाजी निवडताना मधेच थांबून विचारायच्या, आज आणखी किती जणांना घरी पाठवलं असेल गं त्याने? मी पुढची जुडी त्यांच्यासमोर सरकवायचे. त्या माणसाने अक्कांना मारलं असं मी म्हणणार नाही, पण त्याने त्यांना सुखाने जगू दिलं नाही, हे मी कुठेही म्हणायला तयार आहे.

आणि हाच माणूस शोकसभेत भाषणाला उभा राहिला. नुसता उभा नाही राहिला, पडद्यावर चित्र घेऊन आला. 'मॅडमचं व्यक्तिमत्त्व' असा मथळा, खाली रंगीत चक्र. जिज्ञासा भरपूर, काटेकोरपणा भरपूर, मनमिळाऊपणा मध्यम. जिने जन्मभर माणसाचं चक्र करू नका म्हणून सांगितलं, तिचं चक्र, तिच्या हार घातलेल्या फोटोशेजारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्याने जाहीर केलं की मॅडमची स्मृती म्हणून ही चाचणी आता त्यांच्या नावाने ओळखली जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या... मी उठले आणि विचारलं, "या बाईंना या चाचणीतल्या कुठल्या प्रश्नावर राग आला होता, तेवढं सांगा." त्याला ठाऊक होतं. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ही वेळ नाही.

तेव्हा वसंतअण्णा उठले. वसंतअण्णा म्हणजे कुणी पायावर पाय दिला तर स्वतःच 'स्वल्प चुकलं' म्हणणारे गृहस्थ. बँकेत आयुष्य गेलं, आवाज कधी चढला नाही. अक्का स्वतः त्यांना आमचा गरीब गाय अण्णा म्हणायच्या. कुठल्याही चाचणीने त्यांना हिरवा बिल्ला दिला असता आणि मीही मान डोलवली असती. ते फोटोजवळ जाऊन उभे राहिले आणि त्या माणसाला म्हणाले, "आमच्या अक्काचं नाव पाहिजे न्हवं तुला? मग हे बंद केलं म्हणून आत्ता सगळ्यांसमोर सांग."

तो म्हणाला, सर, कंपनीत चर्चा करावी लागेल.

"सरी, ठीक हाय," अण्णा म्हणाले. "मग नाव मिळायचं नाही. आणि ते चित्र बंद कर आधी. माझी बहीण हाय ती."

मग पडदा पांढरा झाला आणि तो माणूस पडद्याजवळून निघून मागच्या दाराने गेला. चाचणीला अक्कांचं नाव लागलं नाही. चाचणी मात्र चालूच आहे. मला कसं माहीत? कारण गेल्या आठवड्यात ती आमच्या ऑफिसात आली. बिल्ल्यांचे रंग कुणाला पुरले नाहीत, म्हणून आता ही. बढतीची यादी तिच्यावर ठरणार, असं सांगितलं गेलं. मी माझ्या जागेवर बसले आणि एकेक प्रश्न वाचत गेले. वाक्यं अक्कांची होती, त्यांच्या बोलण्यातला ठेका सुद्धा तसाच. आणि मग तो प्रश्न आला.

कालच्या रविवारी मी जे. पी. नगरला गेले. पुढच्या खोलीत अक्कांच्या दोन खुर्च्या तशाच आहेत, एकमेकींसमोर नाही, काटकोनात. मधे टेबल आलं की माणूस टेबलाला उत्तरं देतो, म्हणून त्या कधी टेबल ठेवायच्या नाहीत. वसंतअण्णांनी खुर्च्या हलवलेल्या नाहीत. मी माझ्या खुर्चीत बसले. ते उंबऱ्यापाशी घुटमळले आणि मग हळूच येऊन अक्कांच्या खुर्चीत टेकले. मी त्यांना सांगितलं की ती चाचणी आमच्याकडे आली, मी ती दिली. मग घसा साफ करून, नवीन माणूस विचारेल तसं, त्यांनी विचारलं, "कुठल्या प्रश्नावर राग आला?"

"गेल्या काही दिवसांत वारंवार रडू येतं का," मी म्हटलं.

"मग काय उत्तर दिलंस?"

"नेहमी."