जिंकल्यावरचं भांडण

मी कोल्हापूर सोडलं त्या दिवशी आमची पेठ एक-शून्यनं जिंकली होती, आणि त्यामुळे मला धड निरोप कोणीच दिला नाही.

मॅच दुपारची, गाडी संध्याकाळची. सगळी टोळी स्टेडियममधून तशीच स्टेशनवर आली. कानात गुलाल, घसे बसलेले. आई बाकावर माझी ट्रंक सांभाळत बसली होती. तिला वाटलं, पोरं सुहासला पोचवायला आली. पोरं आली होती भांडायला. तो गोल म्हणजे समोरच्या बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेलेला बॉल, बाकी आमच्या खेळाचा सगळा आनंदच होता. दिप्याचं म्हणणं, आपल्याला मिडफिल्डच नाही. माझं म्हणणं, मिडफिल्ड सोड, तो लेफ्ट बॅक उभ्या उभ्या झोपतोय. दिप्या माझा बालवाडीपासूनचा दोस्त, त्यामुळे माघार घ्यायचा प्रश्न नव्हता. वडीलही मध्ये पडले, माझ्या बाजूनं. शेवटी आई कावली, "आधी पोराकडं बघा, मग त्या बॉलचं बघा." तेवढ्यात गाडी हलली. मी दारात लोंबकळत लेफ्ट बॅकचा उद्धार करत होतो आणि दिप्या प्लॅटफॉर्मवरून धावत ओरडत होता, "गप बस की! तुला काय कळतंय रे फुटबॉलमधलं!"

गाव सोडताना कानावर पडलेलं हे शेवटचं वाक्य. मिरज येईपर्यंत मी एकटाच हसत होतो. मग डबा उघडला, वर आईनं घडी घालून ठेवलेला रुमाल दिसला, आणि तेव्हा कुठं कळलं की आपण घर सोडलंय.

हे मी लिहितोय ते पेठेत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे पोटामागं पुण्याला, दुबईला गेले त्यांच्यासाठीही. ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांना एवढंच सांगतो, की कोल्हापुरात प्रत्येक पेठेच्या तालमीची फुटबॉल टीम असते आणि माणूस तिच्यात जन्माला येतो. ती बदलता येत नाही. आमच्या पेठेची आणखी एक रीत होती, वडिलांनी ती मला लहानपणीच घालून दिली. फाउंड्रीतून तसेच मॅचला येणारे माझे वडील टीम हरली की गप्प घरी यायचे, हातपाय धुवून जेवायचे. कोणी काही विचारलं तर म्हणायचे, "हरलेल्या पोरांना बोलायचं नसतं. त्यांना सगळं कळलेलं असतं." आणि जिंकली की मात्र चौकात उभं राहून एकेकाची सालटी काढायचे. सगळी पेठच काढायची. पेठेबाहेरचा कोणी अभिनंदन करायला आला की त्याला पेढा द्यायचा, हसायचं, आणि तो गेला की पुन्हा सुरू.

मी झाशीला आलो सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत. कॉलनीत क्वार्टर मिळालं. बिजौलीच्या छोट्या कारखान्यांतून आमच्याकडे सुटे भाग येतात, ते तपासायचं माझं काम. मे महिन्यात इथले दगडसुद्धा घाम गाळतील असं ऊन. पहिल्या वर्षी 'जी' लावायला विसरायचो आणि लोक दुखावायचे, आता कोल्हापूरला गेल्यावर भाजीवाल्यालाही 'भैया' म्हणतो आणि तो माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. झाशी हॉकीचं गाव. फुटबॉल म्हटलं की इथे वर्ल्ड कपबद्दल बोलतात. तालमीची टीम, पेठ, हे तिवारीजींना मी कितीदा समजावलं. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, भला माणूस. म्हणतात, "अरे साहब, जीत तो जीत होती है। मिठाई खिलाइए।"

मिठाई मी खिलवली. पण भांडायचं कोणाशी?

त्यासाठी ग्रुप होता. पेठेचा, मोबाइलवरचा. आता मॅच लाइव्ह दिसतात, चित्र मध्येच अडकतं, बॉल हवेत थांबतो, पण दिसतात. मॅच संपली की मी हातातलं टाकून लिहायला बसायचो आणि दिप्या पहिल्या फटक्यात मला आडवा करायचा. ऑफिसात साहेब असलेला मी त्या ग्रुपवर सुह्या होतो, आणि सुह्याला काडीची अक्कल नव्हती. वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ग्रुपवर पेनल्टीवरून माझी आई-बहीण काढली गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

गेल्या मोसमापासून मात्र ग्रुप थंड पडला. टीम वाईट खेळत होती, तरी कशीबशी जिंकत होती. जिंकलं की झेंडे, फुलं, हात जोडलेले, "अभिनंदन पेठ". मी लांबलचक लिहायचो, की जिंकलो खरे पण गोलकीपरनं वाचवलं, लेफ्ट बॅकच्या बाजूनं दर वेळी खिंडार पडतंय. उत्तर म्हणून एखादा अंगठा यायचा. मला वाटलं, वयं झाली, पेठ शहाणी झाली.

मागच्या मॅचला तर कहर झाला. अख्खी मॅच आमच्या गोलसमोर, आणि शेवटी एका पेनल्टीवर एक-शून्य. मी जीव तोडून लिहिलं. दिप्याचं उत्तर आलं, एक गुलाब. मी सोफ्यावर फोन आपटला. माझी मुलगी सई झाशीतच जन्मली, तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र हिंदीचा हात धरावा लागतो. ती म्हणाली, "बाबा, जीते ना आपण? मग मुँह फुलवून का बसलात?"

दत्तूकाकांना मी हे हसत हसत सांगितलं होतं. दत्तूकाका इथले जुने मराठी, मूळ झाशीजवळच्या गुरसरायचे. सात-आठ पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज मराठी फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. घरात अजून ओगराळ्यानं वाढतात आणि गंगाळातलं पाणी काढतात, पण बाहेर पाऊल टाकलं की अस्सल बुंदेली. ते म्हणाले, "तिकडे आमचे भाऊबंद असतील कुठे तरी. पता नहीं. पहले जमिनीवरून झगडा होता, तोवर चिठ्ठी येत होती. आजोबांनी झगडा मिटवला. बस, चिठ्ठी बंद." मला त्यात तेव्हा गंमत वाटली. घरी येऊन बायकोला सांगितलीही.

मग दिप्याचा फोन आला. तो आणि पेठेतले दोघं-तिघं दिल्लीवरून हरिद्वारला निघाले होते, गाडी झाशीवरून जाणार होती. माझ्या अंगात संचारलं. इथल्या मराठी घरांत पद्धतच आहे, गावचं कोणी गाडीनं जाणार म्हटलं की डबा घेऊन स्टेशनवर जायचं. बायकोनं गावाकडच्या चटणीतलं सुकं मटण केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या. मी अर्धी रजा टाकली. वाटेत मनात मिडफिल्डचा मुद्दा तयार करत होतो, कारण दिप्या तिथूनच सुरू करणार हे मला माहीत होतं.

गाडी लागली. स्लीपरचा डबा, खिडक्या उघड्या. डब्याचा नंबर बघायची गरजच पडली नाही. दिप्याचा आवाज प्लॅटफॉर्मभर येत होता.

"ह्याला काय जिंकणं म्हणतात व्हय? पेनल्टी नसती तर तोंड दाखवायला जागा नव्हती!"

"मिडफिल्ड कुठाय पण? मी काल टाकलंय बघ ग्रुपवर, कोचलाच विचारलंय."

"आणि मी काय उत्तर दिलंय ते वाच की मर्दा!"

मी खिडकीखाली डबा छातीशी धरून उभा. इतके दिवस हे चाललं होतं आणि मला एक गुलाब आला होता. मी हाक मारली, "दिप्या!"

ते गप्प झाले. एकदम. दिप्यानं खिडकीतून वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. पाहुणा आल्यावर आपण बैठकीतला पसारा हलवतो, तसा त्यानं तो बदलला. खाली उतरला, मिठी मारली. म्हणाला, "या या, सुहासराव. तब्येत काय म्हणतीया?"

सुहासराव. बालवाडीपासूनचा दोस्त.

मी म्हटलं, "कुठल्या ग्रुपवर टाकलंय?"

बरोबरचा एक पोरगा डब्याचं झाकण उघडून वास घेऊ लागला. दिप्या इकडं तिकडं बघत म्हणाला, "दुसरा काढलाय रे. ग्राउंडवर येणाऱ्यांचा. तू लांब, तुला उगंच ताप कशाला म्हणून. जुन्यावर टाकतोय की आम्ही सगळं, जिंकलं की."

"आणि मी लिहितो ते?"

"वाचतोय की. भारी लिहितोस तू."

आयुष्यात दिप्या मला कधी भारी म्हणाला नव्हता. मला त्याला तिथंच दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. बोललो काय, तर भाकरी गरम आहेत तोवर खा. त्यानं कॉलनीची, सईच्या शाळेची, माझ्या प्रमोशनची चौकशी केली, मी उत्तरं दिली. शिट्टी झाली तसा तो चढला आणि दारात उभा राहिला. गाडी हलली. मी बरोबर चालू लागलो, मग धावू लागलो. पन्नाशीचा माणूस, ऑफिसच्या बुटांत.

"त्या लेफ्ट बॅकला बसवा!" मी ओरडलो. "मिडफिल्डवर कशाला खापर फोडताय? दर मॅचला त्याच्याच बाजूनं फुटतोय आपण! ऐकू येतंय का?"

एक कुली थांबून बघायला लागला. दिप्यानं दारातून दोन्ही हात जोडले. "बरोबर हाय, सुहासराव," तो म्हणाला. "बरोबर हाय तुमचं."

गाडी गेली. मी पुलाच्या पायरीवर बसलो, आणि मला वडील आठवले, हातपाय धुवून गप्प जेवणारे. हरलेल्या पोरांना बोलायचं नसतं. दिप्या, माझ्याशी तुम्ही तसे गप्प बसलात. मी इथे नोकरी केली, पोरगी वाढवली, दर रविवारी जीव टांगणीला लावून मॅच बघितली, आणि तुम्ही परस्पर मला हरलेल्यांत धरलंत. निदान तोंडावर सांगायचं होतं. मला वर्षभर पेढा देत राहिलात, हसत राहिलात, आणि मी बाहेर गेलो की तुमचं सुरू.

लोक विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं म्हणायचं? गावात आमच्या भिंती अजून आहेत, आई तिथे आहे, गेलो की ताटाभोवती रांगोळी काढते. झाशीतलं क्वार्टर रिटायर झालो की सोडावं लागेल. पूर्वी मी या प्रश्नावर बरंच काही बोलायचो. आता दत्तूकाकांच्या आजोबांनी मिटवलेलं भांडण आठवतं, आणि बंद झालेली ती चिठ्ठी.

जुना ग्रुप मी सोडलेला नाही. येत्या रविवारी मॅच आहे, मी बघणार आणि तुम्ही जिंकलात तर पुन्हा तिथेच लिहिणार, लेफ्ट बॅकबद्दलच. गुलाब पाठवू नका. दिप्या, लेका, एकदा तरी म्हण, "तुला काय कळतंय रे!"