टाळ पुसायचे कोणी

आमच्या गावातल्या पुरुषांच्या भजनी मंडळाने शहापूरच्या बाजारातून नवे टाळ आणले आणि जुने बायकांना देऊन टाकले. आमचं गाव शेणव्याच्या बाजूला. आम्ही सात-आठ जणी नुकत्याच देवळात भजनाला बसू लागलो होतो, आणि हाताच्या टाळ्यांपलीकडे आमच्याकडे वाद्य नव्हतं. धर्माची गाय, दात का गं नाय, हे मलाही कळतं. पण गोणपाट सोडलं आणि तोंडातून शिवीच निघाली. माळ्यावरच्या ओलीत पडून टाळ हिरवे झाले होते, मधल्या दोऱ्या हात लावताच तुटत होत्या. माझा नवरा त्याच मंडळातला. तो म्हणाला, "भंगारात घालायच्याऐवजी तुमाला दिले, काय वाईट?"

मी तारेची घासणी घेऊन बसले. सासूबाईंनी ती हातातून ओढूनच घेतली. त्यांनी एक टाळ उचलून नखाने वाजवला, कानाशी धरला आणि म्हणाल्या, "पितळ नाय गो, चांगलं कासं हाय. ओरबाडू नको."

मग त्यांनी चिंच कोळली, त्यात चिमूटभर मीठ घातलं, चुलीतली राख वस्त्रगाळ केली. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टाळ गोल गोल चोळायचा, एका वेळी एकच, आणि हिरवं सुटलं की लगेच धुवायचा. चिंच अंगावर वाळू द्यायची नाही. मधल्या भोकातही चिंध्यांची वात फिरवायची, कारण तिथे आंबट राहिलं तर नवी दोरीही कुजते. मी दोनदा विसरले आणि दोनदा बोलणी खाल्ली. सगळे टाळ पुसून उन्हात तापवले आणि खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात दिला. ते आरशासारखे काही झाले नाहीत. काळे डाग राहिले ते राहिलेच, सासूबाईंनी त्यांच्यामागे लागू दिलं नाही.

नव्या दोऱ्या ओवल्यावर त्यांनी पहिला जोड वाजवून बघितला. आवाज बराच वेळ घरात राहिला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन आल्यापासून त्या हे टाळ ऐकत होत्या, पण चुलीपुढे बसून, भाकऱ्या थापता थापता. हातात पहिल्यांदाच आले होते. मी उठून चहा टाकला.

मी शिवणकाम करते. उरलेल्या सुती कापडाच्या पिशव्या शिवल्या, टाळांच्या प्रत्येक जोडाला वेगळी. प्लास्टिकला बंदी, कारण आत घाम धरतो. भजन झालं की कोरड्या फडक्याने बोटांचे ठसे पुसायचे आणि मगच घरी जायचं, मग चुलीवरचा भात करपला तरी चालेल. पिशव्या पत्र्याच्या डब्यात, तळाला ओल ओढून घ्यायला कोळशाचे तुकडे. पावसाळ्यात महिन्यातून दोनदा डबा उघडून सगळे टाळ पुन्हा पुसायचे. चार महिने आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, पण टाळ कोरडे राहिले.

पुरुषांचे नवे टाळ खिळ्याला टांगलेले होते. नव्याचे नऊ दिवस सरले आणि पावसाळ्यात तेही काळवंडले. आवाज तर आधीपासूनच पत्र्यासारखा. काकडआरती सुरू व्हायला आठवडा होता तेव्हा मंडळाचे चार जण देवळात आमच्याकडे आले. पुढे सासूबाईंचे धाकटे दीर, मागे माझा नवरा खांबाला टेकून.

"वयनी, ते टाळ वाडवडलांचे," दीर म्हणाले. "मंडळाकडेच असलेले बरे. बदल्यात आमचे नवे घ्या. फसवत नाय आमी."

खरं सांगायचं तर सौदा वाईट नव्हता, आणि नवरा समोर उभा. दोघी-तिघींनी पिशव्या पुढेही केल्या. मीही केली असती.

सासूबाईंनी विचारलं, "आनि पुसायचं कोन?"

दीर हसले. "तुमीच की. तुमाला जमतं ते. काकडा झाला की पाठवत जाऊ घरी."

सासूबाई या दिरांपुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. त्यांनी तो सारखा केला आणि म्हणाल्या, "पुसायचं आमी नि वाजवायचं तुमी? घरात भांड्यांचं तसंच चाललंय जलमभर. इथं नाय चालायचं, भावजी. टाळ देनार नाय."

दीर मागे वळून चपला शोधू लागले. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी माझी पिशवी मांडीवर ठेवली आणि नाडी आवळली.

ते गेल्यावर आम्ही भजनाला बसलो. त्या दिवशी आमचा ठेका इतका चुकला की टाळ आल्यापासून आमच्या साथीला पखवाज घेऊन बसणारा म्हातारा दोनदा थांबला. घरी परतताना सासूबाई म्हणाल्या, "गो, उद्यापासून दुपारी बसू या शिकायला. नीट नाय वाजवले तर त्यांचंच खरं व्हईल."