अक्काचं दुखणं मी सांगायला गेलो

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी होसकोट्याला एका कारखान्याच्या फाटकासमोर पत्रकं वाटत होतो. तिनेच सकाळी मला तिकडे पाठवलं होतं. "माझ्याजवळ बसून काय करणारेस? जा, कबूल केलंयस ना." चहाच्या दुकानातला फोन वाजला, मालकाने हात करून मला बोलावलं. पलीकडे आमच्या शेजारीणबाई होत्या. कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, अक्का गेली, निघून ये. माझ्या हातात उरलेल्या पत्रकांवर ठळक अक्षरांत छापलं होतं, कामगारांची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. ती पत्रकं मी तिथल्याच बाकावर ठेवली आणि बस पकडली. आज दीड महिना झाला... अजून पत्रक हातात घेववत नाही.

सुमित्राअक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, अप्पा युनियनच्या कामात, त्यामुळे मला वाढवलं तिने. बनशंकरीच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचं ब्लाउजचं शिवणकाम चाले आणि कोपऱ्यात अप्पांच्या पत्रकांचे गठ्ठे असत. मला अक्षरओळख त्या पत्रकांवरून तिनेच करून दिली. पुढे मी स्वतः ती लिहू लागलो, घरात मोठमोठ्याने वाचून दाखवू लागलो, तेव्हा ती दातात दोरा धरून ऐकायची आणि म्हणायची, "झाली क्रांती? मग चार हुक लाव."

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिने मला खोलीत बोलावलं. मी आत गेलो तर ती पाठ करून बसलेली, आणि मशीन जोरात चालवत होती. त्या आवाजातच ती बोलली. शौचाच्या जागेजवळ गाठ आली आहे, चिंचोक्याएवढी. टणक आहे. दुखत नाही फारशी, पण मधून मधून रक्त जातं. "डॉक्टरांना सांगून काहीतरी आण." मी 'सरी', बरं, म्हणालो आणि बाहेर पडलो. तिच्या मशीनखाली त्या वेळी कापड नव्हतं, हे मला जाताना दिसलं.

आमच्या घराण्यात असंच चालत आलेलं आहे. बाईचं असलं दुखणं असलं की बाई दवाखान्यात जात नाही, घरातला पुरुष जाऊन सांगतो आणि पुडी घेऊन येतो. आत्याचं असंच झालं, आजीचंही. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही, आणि मी तर चौकाचौकांत उभा राहून रूढींवर बोलणारा.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे चार माणसं बसली होती. एक ओळखीचे मास्तर होते. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय अक्काला? मी गाठ हा शब्द उच्चारला नाही. टणक म्हणालो नाही. "मूळव्याध आहे," म्हणालो. तीन हजार माणसांसमोर माईकवर घसा फोडणाऱ्या माझा आवाज मास्तरांच्या कानापर्यंतही जाऊ नये इतका खाली गेला. डॉक्टर म्हणाले, "दिवसभर बसून काम, होणारच. मलम देतो. पण तिला एकदा घेऊन ये, बघितल्याशिवाय खरं नाही." घरी येऊन मी अक्काला सांगितलं, "मलम लाव. जमलं तर एकदा ये म्हणालेत." हे 'जमलं तर' माझं होतं. डॉक्टरांचं नव्हतं.

तिला कसं जमणार? गौरीचा सण तोंडावर, ब्लाउजांचा ढीग. "स्वल्प काम उरकू दे रे," ती म्हणायची. मग दसरा आला, मग लग्नसराई. मी तीनदा जाऊन मलम आणलं. ती कोमट पाण्यात बसायची, चिंध्या भरून उशी केली, त्या उशीवर एका अंगाने बसून शिवायची. गाठ वाढली, जांघेतही गाठी आल्या, तेव्हाही तिचं अवघडून बसणं बघून शेजारपाजारचे म्हणत राहिले, उष्णता आहे, ताक पी. दीड वर्षाने ती मशीनवरून उठताना पडली आणि मग आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो.

तिथे तपासायला बाई डॉक्टर होत्या. तपासून बाहेर आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अशी गाठ पुष्कळ कारणांनी येते. मूळव्याध असते, रक्त साकळतं, गळू होतं, कातडीचा साधा मोडही असतो. बहुतेकदा भिण्यासारखं काही नसतं. पण बोट लावून तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. दोन मिनिटं लागतात. इतके दिवस कोणी तपासलं?"  कॅन्सर होता, आणि पसरला होता.  परतताना रिक्षात अक्का म्हणाली, "ह्यात बायका पण डॉक्टर असतात होय? मला कुणी सांगितलंच नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिला लाजेने मारलं, असं मी लिहू शकतो. तसं लिहिणं मला सवयीचं आहे. पण लाज हवेत नसते, ती कोणाच्या तरी तोंडात असते. ती माझ्या तोंडात होती.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या ललिताबाई आपले शिवायला दिलेले कपडे न्यायला आल्या. कपडे घेतले तरी उंबऱ्यातच थांबल्या. "अण्णा, अक्कांना नेमकं कुठे झालं होतं? कोणी नीट सांगत नाही." मी सांगितलं. नाव घेऊन, मोठ्याने, गाठ कशी होती तेही. त्यांनी पिशवी पोटाशी धरली. "मला आहे तशी. चार महिने झाले. यजमानांना सांगते, ते विचारून येतील."

"त्यांना नका पाठवू," मी म्हणालो. "तुम्ही स्वतः चला."

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात त्याच बाई डॉक्टरांकडे ललिताबाई आणि त्यांच्या जाऊबाई आत गेल्या, मी बाहेर बाकावर बसलो. पाव तासाने दोघी हसत आल्या. साधी मूळव्याध निघाली. ललिताबाई म्हणाल्या, "एवढंसंच होतं बघा, उगीच भ्यायले." मी हो म्हणालो. मला आनंद झाला असं लिहायला हवं... पण मी तो पाव तासच मोजत होतो, अक्काला न मिळालेला.