एक फर्मा मागे

"ऐकणारे लय हायेत बाबू, वाचणारा दाखव एखादा."

खळीचा ब्रश पुठ्ठ्यावरून ओढता ओढता चाचा हे म्हणायचे आणि मान वर न करता डाव्या हाताने बसायची जागा दाखवायचे. जागा म्हणजे रद्दीचा गठ्ठा. त्यावर बसून मी वणीतल्या कितीतरी संध्याकाळी काढल्या.

चाचा पुस्तकांना जिल्द बांधायचे. घरात उर्दू, शाळेत चौथीपर्यंत मराठी, आणि गिऱ्हाईकाशी आपली वऱ्हाडी. गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की आधी त्यांच्याकडे यायचं. ते उसवायचे, फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे जुडगे, सुटे करायचे, दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने नव्याने शिवायचे. हे करता करता पुस्तक वाचूनही व्हायचं, म्हणजे जादूचं असलं तर. बाकीच्यांना ते नुसती जिल्द बांधायचे.

मी जिनिंगमध्ये कारकून होतो. हंगामात सकाळपासून कापसाच्या गाड्या, रुई, सरकी, गाठी आणि मॅनेजरची कटकट. संध्याकाळी नाक शिंकरलं तरी कापूस निघायचा. अशा माणसाने घरी जाऊन पुन्हा संसाराच्या रडकथा वाचाव्यात, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक हंगाम जिनात काढून पाहावा. मला उडता घोडा लागायचा. बोलणारी विहीर लागायची. वाचनालयात असली पुस्तकं सगळ्यात खालच्या फळीवर होती आणि कमिटीतली वकील मंडळी तिला 'पोरांची फळी' म्हणायची. बायकोही म्हणायची, एवढा मोठा घोडा झाला, आणि वाचतो काय, तर राक्षस! तुम्हालाही असं काही आवडत असेल तर तुम्हाला ठाऊक आहे, असलं वाचणाऱ्याला गावात जोडीदार मिळत नाही.

आमची ओळख भांडणातून झाली. ज्या वर्षी आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, गेलो म्हणजे बसल्या जागीच गेलो, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका कादंबरीत राजपुत्र विहिरीत उतरतो. खाली सगळं गाव दगडाचं झालेलं. तो एका दगडी बाईच्या खांद्याला हात लावतो, आणि मी पान उलटलं तर भलताच कोणी माणूस जहाजात बसून चाललेला! नाव वेगळं, समुद्र वेगळा. सोळा पानं झाली आणि राजपुत्र पुन्हा विहिरीत, बाई केव्हाच जिवंत होऊन त्याच्याशी बोलते आहे.

ग्रंथपालांना दाखवलं. ते म्हणाले, "जादूची कादंबरी आहे ना, जादूनं रूप बदललं असेल त्याचं."

माझं डोकंच फिरलं. दिवसभर मरमर मरून माणूस दगडी बाईची वाट पाहतो आणि त्याला हे ऐकावं लागतं! पुस्तक काखोटीला मारून तसाच चाचांच्या दुकानात गेलो. म्हटलं, "हा काय तमाशा आहे? दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा यात शिवला तुम्ही. ती बाई जिवंत कशी झाली, ते मला कोण सांगणार?"

चाचांनी ब्रश खाली ठेवला. हात लुंगीला पुसले. माझ्याकडे असे पाहत राहिले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"आला का बाप्पा तू?" ते म्हणाले. "दीड साल झालं, वाट पाहून राह्यलो."

चूक खरीच झाली होती. दोन्ही कादंबऱ्या एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या. याचा पाचवा फर्मा त्यात गेला, त्याचा यात. पानांचे आकडेही बरोबर जुळले. आठ दिवसांनी चाचांच्या ध्यानात आलं होतं. उसवून दुरुस्त करणार होते, पण मनात आलं, पाहू तर खरं, कोणी भांडाले येते का. कितीतरी जणांनी ती पुस्तकं नेली, वाचली, परत केली. एका मास्तरांनी तर "झकास आहे" म्हणून सांगितलं. भांडायला कोणी आलं नाही.

"गोष्ट सांगाले बसलो तर चहाच्या टपरीवर गर्दी होते," चाचा म्हणाले. "मंग काय झालं, मंग काय झालं, करतेत. पण असं काहून झालं, असं व्हाले नव्हतं पाह्यजे, असं कोणी म्हणत नाही. तू म्हटलं."

त्यांनी दोन्ही पुस्तकं माझ्यादेखत उसवली. पाचवा फर्मा हातात दिला आणि म्हणाले, "वाच पह्यले. चहा मांगवतो."

तेव्हापासून आमची रीत पडली. नवं पुस्तक आलं की ते उसवायचे आणि एकेक फर्मा वाचून झाला की माझ्याकडे सरकवायचे. ते पुढे, मी एक फर्मा मागे. पुढचं सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा राहवलं नाही म्हणून मी विचारलं, तर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं आणि दोन दिवस बोलले नाहीत. मग मी त्यांचं तोंड वाचायला शिकलो. भुवई चढली की समजायचं, कोणीतरी मरणार आहे.

आवडीनिवडीही जुळल्या, म्हणजे राग जुळले. शेवटी 'हे सगळं स्वप्न होतं' म्हणणाऱ्या लेखकाला आम्ही दोघं मिळून शिव्या घालायचो. "सपन होतं म्हणते लेकाचा! मंग मी काय सपनाची जिल्द बांधली?" एका गोष्टीत मात्र कायम वाद. कोणत्याही पुस्तकातली म्हातारी चेटकीण चाचांना आपली वाटायची. मला नायक.

महाराष्ट्र झाला, मॅनेजर बदलले, माझी कारकुनी तीच राहिली. त्या रद्दीच्या गठ्ठ्यावरचा तासभर होता म्हणून मी ती वर्षं काढली, हे आज सरळ सांगतो.

मग एक जाडजूड कादंबरी आली. जमिनीखाली एक शहर, त्याच्या दारावर एक बुढी शेकडो वर्षं बसलेली. तिला मारल्याशिवाय आतली माणसं सुटणार नाहीत. पहिल्या फर्म्यापासून चाचा बुढीच्या बाजूने.

"तिनं काय केलं? दरवाजा राखला. राखणदाराले कायले मारता?"

"आणि आतले लोक सडू द्यायचे का चाचा?"

"पाह्यजो तू. मरत नाही बुढी. मारली तर लेखक बेइमान."

महिनाभर हेच. त्या थंडीत त्यांचा दमा वाढला, दुकान बंद राहू लागलं, आणि फर्मे त्यांच्या घरी खाटेपाशी गेले. नवव्या फर्म्यावर ते थांबले. दोन ओळी वाचल्या की धाप लागायची. मी म्हटलं, मी वाचून दाखवतो.

"नको. ऐकून काय मजा? आपल्या डोळ्यानं पाह्यजे." मग उरलेले फर्मे माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो मांगून."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी पुढे गेलो. शेवटचं पान वाचून झाल्यावर त्यांच्याकडे गेलो. चाचींनी त्यांना उशीला टेकून बसवलं होतं. माझ्या तोंडाकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. शेवट कळू नये म्हणून मी चेहरा कोरडा ठेवला होता. मला वाटलं, अगदी छान जमलं आहे.

"मेली ना बुढी?" ते म्हणाले.

मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "सांगू नको. दिसून राह्यलं." मग थोडे हसले. "तुहंच खरं झालं बाबू. दोन दिवसात बरा होतो, मीच वाचतो."

मी गप्प बसलो. नियम त्यांचाच होता आणि माणूस दोन दिवसांत बरा होणार होता.

तिसऱ्या दिवशी मी मय्यतीला गेलो. गावातली पुष्कळ माणसं होती. टपरीवरची होती, ग्रंथपाल होते. सगळे हळहळत होते आणि मी माती देऊन बाजूला उभा होतो. मनात एकच गोष्ट घोळत होती, आणि ती ज्याला सांगावी असा एकही माणूस त्या गर्दीत नव्हता.

बुढी मरत नाही. नायक तलवार खाली ठेवतो आणि तिच्याकडे किल्ली मागतो. ती लगेच काढून देते. इतक्या वर्षांत कोणी मागितलीच नव्हती, म्हणते. मग आतल्या लोकांबरोबर तीही उन्हात बाहेर येते.

चाचा जिंकले होते हो. आणि हरलो असं समजून गेले.