किसनकाकांची बाटली

मी नागपूरच्या एका तुरुंगात लॅब टेक्निशियन. कैद्यांनी गांजा ओढलाय का, हे लघवीत पट्टी बुडवून बघायचं, हे माझं काम. "आज काय झालं?" असं घरी विचारतात तेव्हा नेमकं समोर ताट असतं. मग सांगायचं कसं? असे किस्से साठत जातात. तुम्ही जेवून आलात ना? मग ऐका!

एकाने दिलेली लघवीची बाटली इतकी गरम, की हातात धरवेना.

"काहून गा एवढी गरम?"

"साहेब, नागपूरचा मे महिना हाये!"

नाकाजवळ नेली, तर आल्याचा वास. कोरा चहा होता!

दुसऱ्याची गारेगार, आरपार दिसणारी. मी म्हटलं, "लेका, ब्लीचिंग पावडरचा वास येऊन राहिला!"

तो शांतपणे म्हणाला, "नळाचंच पाणी पेतो ना साहेब. जसंच्या तसं बाहेर येते!"

मग झडतीला कुत्रा आणला. तो सगळ्या बरॅकी सोडून थेट जेलरसाहेबांच्या टेबलाखाली जाऊन बसला. सगळ्यांना घाम फुटला! तिथे निघाला साहेबांचा डबा. आत सावजी मटण.

साहेब म्हणाले, "कुत्र्याचं चुकलं नाही. हेही व्यसनच हाये!"

आणि आमचे किसनकाका! पारशिवनीकडचे, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याचं डोकं फोडून आत आलेले. पण सुपारीही न खाणारा माणूस. त्यांच्या बरॅकीचे रिपोर्ट अलीकडे एकदम स्वच्छ यायला लागले होते. गंजेटी सुधारले म्हणून मी खूश!

काकांना नातीच्या बारशाला जायला रजा मिळाली. अट एकच, तपासणी. पट्टी बुडवली, आणि गांजा निघाला! अख्खी बरॅक स्वच्छ, एकटे काका गंजेटी!

मला फार वाईट वाटलं. "काका, तुम्ही?"

काका रडकुंडीला आले. "पहाटेच सारी पोरायले वाटून टाकली गा. एका बाटलीले एक उकडलेलं अंडं देतेत. माही बारी आली त काहीच उरलं नाही. मंग बाल्याकडून उसनी घेतली!"

जेलरसाहेब पोट धरून हसले आणि स्वतःची बाटली भरायला काकांना संध्याकाळपर्यंत मुदत दिली. बाल्या म्हणजे बरॅकीतला सगळ्यात पक्का गंजेटी. तोच तांब्या घेऊन काकांसमोर बसला.

"प्या काका, प्या! नात वाट पाहून राहिली!"

शेवटी काकांनी शिपायासमोर बाटली भरली. पट्टी स्वच्छ! काका डोळे पुसत पिशवी उचलून फाटकाकडे निघाले.

बाल्या धावत मागे गेला आणि रिकामा तांब्या पुढे केला. "काका, आठवडाभर तुम्ही नाही. जाता जाता एवढा भरून देता काय?"