काठी खाली येईपर्यंत

दत्तू गेला त्याला सात आठवडे झाले. भेटायला येणारे म्हणतात, सुटला बिचारा, आपल्या माणसांत गेला, डोक्यावर छप्पर होतं. मी चहा पुढं करते. माझ्या भावाला डोक्यावर छप्परच नको होतं. मला छताखाली मरू देऊ नको, एवढी एकच गोष्ट त्यानं माझ्याकडं मागितली होती आणि मी हो म्हटलं होतं. आमच्या लातूरच्या घरात, तळमजल्यावरच्या खोलीत, वर दोन मजले असताना तो मेला. त्या सकाळी मी त्याला पेज भरवली. दोन चमचे घेतली, तिसरा ओठावरून खाली आला. नऊ महिने तो खाटेवर पडून स्लॅबकडं बघायचा आणि ‘भाईर’ म्हणायचा. लकव्यानंतर त्याला दोनच शब्द नीट येत होते, ‘भाईर’ आणि ‘आक्का’. पण तीन दिवस झाले, त्यानं ‘भाईर’ म्हणणं बंद केलं होतं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. मागणारा माणूस मागायचा थांबला की समजावं... तेव्हा मी घाबरले.

दत्तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. नेव्हीत खलाशी होता, विशाखापट्टणमला. आमचं माहेरचं गाव औशाच्या पुढं, घर माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि लाकडांवर मातीचं सपाट छत. असल्या छताला उन्हाळ्यात पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, नाहीतर पावसात गळतं. जुना थर कुणी काढत नाही. आजोबांनी टाकलेली माती, वडिलांनी टाकलेली माती, सगळी वर तशीच. आईला लिहिता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेली, म्हणून माहेरी गेले की दत्तूला पत्र मी लिहायची. त्या वर्षी मीच लिहिलं, माळवद गळायलंय, शांताच्या अंथरुणावर पाणी येतंय, रजेवर आलास की माती टाकून जा. शांता त्याची बायको. तो मे महिन्यात आला, आठ दिवस डोक्यावरून पाट्या वाहिल्या, चांगला वीतभर थर दिला आणि धुमसानं चोपून काढला. शांता खालून ओरडली, “आता तरी गळणार न्हाई ना?” हा वरून म्हणाला, “गळलं तर नाव बदलून घेतो.” पावसाळाभर एक थेंब गळला नाही. पावसाळा सरत आला आणि एका पहाटे भूकंप झाला.

मी दुपारी गावात पोचले. आई आणि शांता दोघी एकाच खोलीत, माळवदाच्या मातीखाली सापडल्या. दत्तू चौथ्या दिवशी आला, तोपर्यंत सगळं उरकलं होतं. तो ढिगाऱ्यावर चढला, पाट्याएवढं एक ढेकूळ उचललं. त्यात मातीचे थर दिसत होते, एकावर एक. सगळ्यात वरच्या थरावर बोट ठेवून म्हणाला, “हे माझं हाय.” माझ्या पत्राचा विषय त्यानं जन्मात काढला नाही. काढला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

तेव्हापासून तो छताखाली झोपला नाही. सरकारनं दिलेल्या नव्या घराची किल्ली त्यानं चुलतभावाला देऊन टाकली. नोकरीची मुदत संपल्यावर एक दिवस ट्रक घेऊन आमच्या दारात आला आणि ट्रकमधून शिडाची होडी उतरवली. सोळा फुटी, फायबरची, नेव्हीनं भंगारात काढलेली, खाली दोन चाकांचा गाडा. आमचे मालक चेष्टेखोर. म्हणाले, “दत्तोपंत, लातूरला समुद्र कधी आला?” दत्तू म्हणाला, “आला न्हाई दाजी, म्हणून तर चाकं लावलीत.” अंगणात ती होडी राहिली आणि होडीत तो राहिला. बावीस फुटी अॅल्युमिनियमची डोलकाठी आडवी पाडून ठेवायची, तिच्यावरून ताडपत्री दोन्ही बाजूंनी सोडायची, की झालं त्याचं घर. काठी मागं एका लाकडी दुबेळक्यावर, दोन फाट्यांच्या खांबावर, टेकलेली असायची. मोटारी दुरुस्त करून यायचा, माझ्याकडं जेवायचा आणि ताडपत्रीखाली जायचा. सतरा वर्षं हे चाललं. पावसात, थंडीत. मी बडबड करायची, लोक काय म्हणतात ते ऐकवायची. तो म्हणायचा, “माझ्या डोक्यावर काय हाय ते मला म्हाईत हाय, आक्का. त्याची दोरी माझ्या हातात हाय.”

रविवारी जीपला गाडा जोडून मांजरा धरणावर जायचं, कधी नांदेडला विष्णुपुरीवर. मी पाण्यावर कधी बसले नाही, मला पाण्याचं भ्या. माझं काम काठावर. काठीच्या बुडाला बिजागरी असते. दत्तू मागून काठी खांद्यावर घेऊन उचलत पुढं यायचा आणि मी होडीच्या नाकाजवळ उभी राहून दोरी ओढायची. उभी झाली की पुढची तार अडकवून खिळी घालायची. उतरवताना उलटं. खिळी काढायची आणि दोरी थोडी थोडी सैल सोडायची. उतरवणं जास्त अवघड. उभी काठी हलकी असते, अर्ध्याच्या खाली आली की जड होत जाते, आणि नेमके तेव्हाच हात दमलेले असतात. त्याचे दोन नियम होते. काठी चढत-उतरत असताना तिच्याखाली कामाशिवाय माणूस नको. आणि दोरी धरणाऱ्यानं मागं बघायचं नाही, काठी टेकेपर्यंत हात सोडायचा नाही. एकदा मी माशी हाकलायला एक हात काढला तर भर काठावर ओरडला, “आक्का! माशी चावून मरत न्हाई माणूस!” कोळ्यांच्या बायका हसल्या. त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही. पण दोरी त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात कधी दिली नाही.

मग मांजरा आटलं. लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आलं त्या उन्हाळ्यात होडी अंगणातच राहिली, आणि पुढं ती हललीच नाही. तरी रविवारी सकाळी तो काठी उभी करायचा आणि परत पाडायचा. मी दोरीला. रस्त्यानं क्लासला जाणारी पोरं थांबून बघायची. आमच्या भागात तोपर्यंत घराघरात खोल्या निघाल्या होत्या. डॉक्टर व्हायला सगळ्या मराठवाड्यातून मुलं-मुली लातूरला यायला लागली, ज्याच्याकडं मोकळी जागा होती त्यानं मजला चढवला. मालक वारले आणि माझ्या मुलानं, सुरेशनं, मुलींच्या वसतिगृहासाठी आमच्या घरावर दोन मजले चढवले. अंगणातला लिंब त्यासाठी गेला. स्लॅब ओतला त्या दिवशी दत्तू दिवसभर होडीत बसून होता. संध्याकाळी मला म्हणाला, “मी आजारी पडलो तर तू मला ह्याच्याखाली नेशील. मला म्हाईत हाय तुझं. नेऊ नको. मरायचं तर मला भाईर मरू दे.” मी म्हटलं, “हाव. जेव आता.” असं म्हटलं मी. वचन द्यायची ही काय रीत झाली, पण दिलं ते दिलं.

लकवा झाला, दवाखान्यातून आणला, उजवी बाजू गेलेली. होडीत चढवणार कसं? सुरेश म्हणाला, “आई, मामाला खालच्या खोलीत ठेवू, तुला बघायला सोपं जाईल.” मी ठेवला. दत्तू तेव्हा डाव्या हातानं दाराची चौकट धरून राहिला होता. बोटं मी सोडवली, एकेक करून. पुढच्या महिन्यात सुरेशनं मजूर लावून डोलकाठी उभी केली, तिच्या वरच्या टोकाला लोखंडी चौकट ठोकली आणि वसतिगृहाचा बोर्ड लावला. रस्त्यावरून लांबून दिसतो म्हणे. मी चालू दिलं. दत्तू ‘भाईर’ म्हणायचा आणि माझ्याकडं रोज एक कारण तयार असायचं. ऊन आहे. पाऊस आहे. पाठीला जखम झालीय. मुलींच्या परीक्षा आहेत. नऊ महिने मी कारणं सांगितली.

तो भिंतीकडं वळला त्याच्या तिसऱ्या दिवशी सुरेश कामासाठी नांदेडला गेला होता. तो असता तर बोर्डाला हात लावू दिला नसता. मी वरच्या मुलींना हाक मारली. परीक्षा होऊन गेली होती, चौघीच उरल्या होत्या. त्यांतली शबाना हिमायतनगरची, बापाचं कापडाचं दुकान, मोठी धीट पोरगी. मी सांगितलं, काठी पाडायची, ताडपत्री टाकायची, बाज तिच्याखाली, होडीच्या मागं ठेवायची आणि मामाला बाहेर आणायचं. शबाना वर बघत म्हणाली, “आजी, तो लोखंडी सांगाडा बघितला का? खाली येताना किती जोर लागंल माहितीय? आम्हाला असलीच गणितं घालतात.” मी म्हटलं, “मग काढ उत्तर आणि धर दोरी.” ती हसली. पण मी तिला दोरीला लावलं नाही, दत्तूजवळ दारात उभं केलं. दोघींना मागं दुबेळक्यापाशी ठेवलं, काठी झेलायला. एक माझ्या मागं दोरीला. ऊन असं की होडीला हात लावला तर चटका बसावा.

आता इथं मी काय चुकले ते लिहिते. आधी माणसाला बाहेर आणायला पाहिजे होतं. नुसती बाज अंगणात टाकून, चौघींनी साडी धरून सावली केली असती तरी झालं असतं. दहा मिनिटांचं काम होतं. पण काठी पडताना खाली माणूस नको, हा त्याचाच नियम माझ्या डोक्यात बसलेला. म्हणून काठी टेकेपर्यंत त्याला आतच ठेवला.

खिळी काढली. दोरी अडकवायची पुढची खुंटी ऊन-पावसानं कुजून कधीच निघून गेली होती, त्यामुळं सगळा भार हातांवर. अर्ध्यापर्यंत काठी चांगली आली. मग लोखंडाचं वजन लागायला लागलं. माझ्या मागची मुलगी पुढं घसरायला लागली, माझे पाय गाड्याच्या चाकाला टेकलेले. तेवढ्यात खोलीतून आवाज आला, “आक्का.” स्पष्ट. शबाना ओरडली, “आजी, मामा कसंतरीच करून राहिलेत, या लवकर!” मी म्हटलं, “थांब रे दत्तू, आले.” होडीच्या मागं दोन परक्या घरच्या लेकी त्या लोखंडाखाली हात वर करून उभ्या होत्या. सोडली असती तर त्यांच्या डोक्यात आली असती. मी मागं बघितलं नाही. वितीवितीनं सोडत राहिले. दोरीनं तळहाताचं कातडं नेलं, ते नंतर कळलं. शबानानं पुढं काही सांगितलं नाही, आणि ती का बोलत नाही हे मला काठी टेकायच्या आधीच समजलं होतं... तरी ती नीट टेकवली. दुबेळक्यात बसल्याचा आवाज आला, मग हात सोडले.

आत गेले तेव्हा त्यानं मान भिंतीकडून दाराकडं फिरवलेली होती. संपलं होतं. आम्ही पाच जणींनी त्याला उचलून बाहेर आणला आणि काठीखाली, ताडपत्रीच्या सावलीत ठेवला. सुरेश येईपर्यंत तो तिथंच होता. आला तेव्हा त्यानं आधी बोर्डाकडं बघितलं, मग मामाकडं. शेजारची एक बाई म्हणाली, “उन्हात कामून आणलं म्हातारे, आत पंखा होता.” मी तिला बाहेरचं दार दाखवलं.

चांगला माणूस होता वगैरे मी लिहिणार नाही. तापट होता, कंजूष होता, माझ्या हातच्या भाजीला नावं ठेवायचा. सतरा वर्षं अंगणात झोपून त्यानं मला शेजारीपाजारी मान खाली घालायला लावली. आणि तरी... तो एक गोष्ट मागत होता. तेवढी मला करता आली नाही.

परवा शबाना गावाकडं जायच्या आधी भेटायला आली. ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “आजी, मामानं तुम्हाला दोनदा हाक मारली होती. दुसरी हळू होती. मी तुम्हाला सांगितली न्हाई. दोरी सोडाल म्हणून.” मी म्हटलं, “बरं केलंस.” बरंच केलं तिनं. तिच्या दोन मैत्रिणी आज जिवंत आहेत.

होडी अजून अंगणात आहे, काठी आडवी आहे, लोखंडी चौकट मी वेल्डरकडून कापून घेतली. दुपारी मी ताडपत्रीखाली बसते. मला फक्त एक खोड लागलीय. कुणी हाक मारली की हातात असेल ते माझ्या हातून सुटतं. सून म्हणते, “आई, अहो सावकाश, पडाल.” काल चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवत होते. वरून एका नव्या मुलीनं “आजी” म्हटलं, तिला नुसती गच्चीची किल्ली हवी होती. मी पातेलं तिथंच सोडलं आणि धावले.