ताटल्यांचं पाणी

खिचडीच्या ताटल्या धुतलेलं पाणी नालीत गेलं, तर वानखडे बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. मधल्या सुट्टीत त्या नळापाशी बादली घेऊन उभ्या. आम्हा बाकीच्या शिक्षकांनाही सूट नव्हती. "मॅडम, बादलीवर हात धुवा. करंजाच्या रोपाले तुमच्या हाताचंई पाणी चालते," असं म्हणत पहिल्याच दिवशी त्यांनी माझे हात बादलीवर ओढले. मी शाळेत नवी, त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान. मला आधी रागच आला. आठवडाभरात मात्र मीच नालीकडे जाणाऱ्या पोरांवर ओरडू लागले.

दुसरबीडजवळची आमची जिल्हा परिषदेची शाळा मुरमाड टेकाडावर. तिथे गवतही रुसून उगवायचं. बाईंनी पोरांकडून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत कडुलिंबाच्या, करंजाच्या बिया लावून घेतल्या, रोपं वाढवली आणि पावसाळ्यात प्रत्येकाला एकेक झाड नेमून दिलं. "लावणं सोपं हाय, पोरायहो. पह्यला उन्हाळा काढला त झाड आपलं," हे त्यांचं पालुपद.

तिसरीतली राणी भारी अधीर. तिचं कडुलिंबाचं रोप काही दिवसांतच मलूल झालं. चौकशी केली तेव्हा कळलं, की ती रोज सकाळी ते उपटून पाहते आणि परत खोचते.

"काऊन वं, राणे?"

"मूळ धरलं का पाहून राह्यली होती, बाई."

बाई एवढ्या हसल्या की खालीच बसल्या. "अवं, रोज उपटून पाह्यशीन त मूळ कवा धरीन ते?" मग त्यांनी दुसरं रोप आणून तिच्यासोबत लावलं.

उन्हाळा तोंडावर आला आणि बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभात शाल-नारळ घेतलं, डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी मेहकरच्या एसटीतून पुन्हा हजर! मग रोजच. प्रत्येक झाडाची साल नखानं खरवडायच्या, आत हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे वळायच्या. "बाई, ही झाडं उन्हानं नाही, तुमच्या नखानं मरतील," असं मी चिडवायचे. पण ऐकतील तर त्या वानखडे बाई कसल्या!

सुट्ट्या लागल्या आणि बाई न्हाणीत घसरून पडल्या. पाय प्लास्टरमध्ये. मी भेटायला गेले, तर पायाचं नावच नाही. शाळा बंद, नळ बंद, टेकाडावर रणरणतं ऊन. सगळा जीव तिकडे. "मी जाऊन पाहून येऊ का?" विचारलं, तर म्हणाल्या, "नोको जाऊ, माय. मेले असतीन त तुह्या तोंडावर दिसन मले." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

शाळा उघडली त्या दिवशी मी त्यांना रिक्षातून घेऊन गेले. फाटकातून आत शिरलो आणि टेकाड दिसलं. हिरवं. अहो, खरंच हिरवं! माझाच जीव भांड्यात पडला. दोन-चार करंज वाळले होते, बाकी सगळी झाडं तग धरून होती. जवळ जाऊन पाहिलं, तर झाडांच्या बुडाशी आळ्यांत भाकरीचे कण आणि मिरचीच्या बिया. पोरांनी सुट्टीभर आपापल्या घरच्या ताटल्या धुतलेलं पाणी टेकाडावर आणून ओतलं होतं. कोणी सांगितलंही नव्हतं.

बाई काठी टेकत थेट राणीच्या लिंबापाशी गेल्या, वाकल्या आणि नख पुढे केलं. राणीनं त्यांचा हात धरला.

"बाई, रोज उपटून पाह्यसान त मूळ कवा धरीन ते?"

बाईंना हसू आणि रडू एकदमच आलं. "हाव वं, माय," म्हणाल्या आणि हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मेहकरची एसटी थांबली तेव्हा सवयीनं माझी नजर तिकडे गेली. बाई उतरल्या नाहीत. रविवारी त्यांचा फोन आला. माझ्या सासूबाईंचा खोकला विचारला, लोणच्याला कैऱ्या कशा मिळाल्या ते सांगितलं. झाडांबद्दल एक अक्षर नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! फोन ठेवून मी ताटं धुवायला उठले आणि आधी बादली ओढली.